कोरड्या जमिनीवरचं गोल्फ

नमस्कार मंडळी. एप्रिलचा उकाडा आहे, साडेसहा वाजून गेले तरी बाहेर भिंतीला हात लावला की चटका बसतोय, आणि तरी तुम्ही सगळे गोल्फवर बोलणं ऐकायला ह्या हॉलमध्ये येऊन बसलात, मला खरंच फार बरं वाटलं. वाचनालयाची मंडळी बोलवायला आली तेव्हा मी त्यांना म्हणलं की मी कोच नाही, प्रोफेशनल नाही, पंधरा वर्षं झाली हौसेनं खेळतोय, हँडिकॅप १९ आहे, म्हणजे पार ७२ च्या, निष्णात खेळाडूला ७२ फटके लागावेत अशा, कोर्सवर चांगला दिवस असला तर मला नव्वदच्या आसपास फटके लागतात. तर हौशी माणसानं स्वतः जे करून बघितलं, पैसे घालवून जे शिकलं, तेच मी सांगणार. आणि त्या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. आपली सोलापूरची जमीन कोरडी, टणक, मुरमाड, वर ऊन असं की नको नको होतं, आणि लोक म्हणतात इथं कुठलं आलंय गोल्फ. माझं म्हणणं असं की हौशी माणसाला हा खेळ शिकायला ह्याच्यापेक्षा चांगली जमीन नाही.

ज्यांनी कधी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. बॉल कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर जाडीचा, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. ग्रीनवरचं, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, भोक १०८ मिलिमीटरचं. अशी अठरा भोकं, प्रत्येकात बॉल कमीत कमी फटक्यांत घालायचा, संपलं. बाकीचे नियम भरपूर आहेत पण त्या सगळ्यांचा बाप म्हणजे एकच, बॉल जसा पडलाय तसाच मारायचा. हाताने उचलून बऱ्या जागी ठेवायचा नाही, मागचं गवत पायाने दाबायचं नाही. खड्ड्यात पडला तर खड्ड्यातून, दगडाशेजारी पडला तर दगडाशेजारून, फारच अडलं तर एक फटका दंड घ्यायचा आणि नियमात बसेल तिथं ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून खाली सोडायचा.

नोकरीत मी बरीच वर्षं पुण्याला होतो, तिथं हा खेळ लागला. तिथं बॉल हिरव्यागार गवतावर बसलेला असायचा, जणू कुणी उशीवर ठेवलाय. मग रिटायर होऊन घरी आलो आणि कोर्स गेला अडीचशे किलोमीटर लांब. महिन्यातून एकदा सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून, बॅग सीटखाली आडवी सरकवून जाऊन येतो, पण महिन्यातून एकदा खेळून काही हाताला लागत नाही हो. म्हणून गावाबाहेर एका ओळखीच्या अण्णांचं पडीक माळरान आहे, त्यांना विचारून तिथं जायला लागलो. कुसळी गवत, मधे मुरूम उघडा पडलेला, कडेला बाभळी. रोज मेंढरं चरून जातात त्यामुळं गवत बारीक राहतं. आणि बघा, स्कॉटलंडमध्ये समुद्राकाठच्या ज्या जमिनीवर हा खेळ वाढला तिथंही गवत मेंढ्याच खायच्या, मशीन कुठली त्या काळात. रेताड जमीन, पाणी लगेच मुरणारी, वाऱ्याने सुकलेली, टणक. तेव्हा आमच्या माळाचं त्या जमिनीशी नातं पुण्याच्या हिरवळीपेक्षा जवळचं आहे असं मला वाटतं आणि मी ते मनापासून बोलतोय.

पहिल्या दिवशी माळावर सेव्हन आयर्न, म्हणजे सात नंबरचा लोखंडी डोक्याचा क्लब, काढलं, पुण्यात मारायचो तसंच मारलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. क्लब बॉलच्या दोन इंच आधी जमिनीला लागला, तिथून उडाला आणि बॉलच्या डोक्याला घासून गेला, बॉल वीस पावलं घरंगळला. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. पंधरा मिनिटांत मनगट दुखायला लागलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पुण्यातही मी असंच मारत होतो, फक्त तिथली मऊ ओली जमीन माझी चूक पोटात घालत होती, क्लब गवतातून घसरत बॉलपर्यंत पोचत होता आणि बॉल बऱ्यापैकी जात होता, म्हणून मला वाटायचं की जमतंय. मुरूम पोटात काही घालत नाही, तो तिथल्या तिथं सांगतो.

आयर्न मारताना क्लब आधी बॉलला लागला पाहिजे आणि मग जमिनीला. स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या पुढं, चार बोटं पुढं, यायला पाहिजे. नवीन माणसाला वाटतं बॉल वर उडवायचाय तर खालून उचलायला पाहिजे, म्हणून तो वजन मागच्या पायावर टाकून चमच्यासारखा उचलायला जातो, तिथंच सगळा घोळ. वर उडवायचं काम क्लबच्या तोंडाला जो कोन दिलेला असतो, लॉफ्ट म्हणतात त्याला, तो करतो, आपण फक्त खाली आणि पुढं मारायचं. ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबची, गोष्ट वेगळी, तिथं बॉल लाकडी टीवर, छोट्या खुंटीवर, उंच असतो आणि क्लब खालचा बिंदू ओलांडून वर येताना लागला तर उलट चांगलं.

आता हे अंगात कसं आणायचं, तर त्याचं औषध आपल्या गावातच विणलं जातं. आपला टेरी टॉवेल. चादरीला आहे तसंच टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, तुम्हाला माहितीच असेल. हात पुसायचा छोटा टॉवेल घ्यायचा, चौपदरी घडी करायची आणि बॉलच्या मागं एक वीत अंतरावर जमिनीवर ठेवायचा. मग मारायचं. क्लब टॉवेलला लागला तर समजायचं की जमीन आधी लागली असती. सुरुवातीला माझा टॉवेल बॉलपेक्षा लांब जायचा! पण मनगटाला मार बसत नाही, त्यामुळं पन्नास वेळा करून बघता येतं, आणि दोन महिन्यांत टॉवेल जागेवर राहायला लागला. एक वीत जमलं की चार बोटं. दुसरा उपयोग म्हणजे टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरायचा आणि अर्धे स्विंग करायचे, हात अंगापासून सुटले की टॉवेल पडतो. त्याने हात एकटे पळत नाहीत, अंगाबरोबर फिरतात. आणि तिसरा उपयोग बॅगेला अडकवायचा, अर्धा ओला अर्धा कोरडा, ओल्याने क्लबच्या तोंडावरच्या खाचा साफ करायच्या, कोरड्याने ग्रिप पुसायची. दुकानात ह्याच कामासाठी गोल्फ टॉवेल म्हणून वेगळा मिळतो, महाग असतो, मी हातात घेऊन बघितलाय, आपल्या टॉवेलइतकं पाणी तो पीत नाही.

वेजबद्दल, म्हणजे जवळून उंच फटका मारायच्या क्लबबद्दल, जरा सविस्तर बोलतो कारण इथं लोकांचे पैसे वाया जातात. वेजच्या तळाला बाउन्स म्हणून एक कोन असतो, म्हणजे तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली असते. त्यामुळं वाळूत किंवा मऊ जमिनीत क्लब रुतून बसत नाही, होडीच्या तळासारखा सरकतो. जीन साराझेन नावाच्या अमेरिकन खेळाडूने तळाला असा जास्तीचा भाग जोडलेला सँड वेज तयार केला आणि १९३२ ची ओपन, म्हणजे ब्रिटनमधली मोठी स्पर्धा, त्याच्या जोरावर जिंकली. शोध उत्तमच, पण तो वाळूसाठी. माझ्याकडं १२ अंश बाउन्सचा वेज होता, पुण्याच्या पावसाळ्यात तो सोन्यासारखा चालायचा. माळावर तोच वेज टणक मुरमावर आपटून उसळायचा, धार बॉलच्या मध्यावर लागायची आणि दहा पावलांवर टाकायचा बॉल पन्नास पावलं जायचा. मी वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत बसलो. मग एका मित्राचा ६ अंशाचा जुना वेज वापरून बघितला आणि पहिल्याच चेंडूला, पहिल्याच बॉलला म्हणतो, आवाज वेगळा आला. तेव्हा ज्याची जमीन कडक त्याने बाउन्स कमी घ्यावा, मऊ जमिनीवर आणि खोल वाळूत खेळणाऱ्याने जास्त. दुकानदार हे विचारत नाही, तो फक्त लॉफ्ट ५६ अंश पाहिजे का ६० एवढंच विचारतो.

आणि खरं तर कडक जमिनीवर वेज काढायचीच गरज निम्म्या वेळा नसते. एट आयर्न घ्या, ग्रीनवर बॉल भोकाकडं घरंगळवतो, म्हणजे पटिंग करतो, तसं हलकं मारा, बॉल जरासा उडतो आणि मग पळत जातो. उंच उडवलेला बॉल टणक ग्रीनवर कुठं उसळेल सांगता येत नाही, पळणारा बॉल मात्र सरळ जातो, चुकला तरी थोडाच चुकतो. २००६ ची ओपन हॉयलेकला झाली, तो उन्हाळा इंग्लंडमध्ये असा कोरडा गेला होता की सगळा कोर्स आपल्या माळासारखा पिवळा तपकिरी पडला होता. टायगर वुड्सने त्या चार दिवसांच्या ७२ होल्समध्ये ड्रायव्हर फक्त एकदा वापरला, टीवरून बहुतेक वेळा आयर्नच मारलं, कारण जमीनच बॉलला इतकी पळवत होती की आणखी ताकद लावली तर बॉल बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, जायचा. तो जिंकला. जगातला पहिल्या नंबरचा खेळाडू, आणि त्याने जमिनीकडं बघून ड्रायव्हर बॅगेत ठेवला! मला तर गोल्फच्या इतिहासात ह्याच्याएवढी मोठी शिकवण दुसरी सापडत नाही.

सामानाचं बाकीचं पटकन सांगतो. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, कमीत कमीला काही मर्यादा नाही. नवीन माणसाला सात पुरतात, एक हायब्रिड, म्हणजे ड्रायव्हर आणि आयर्नच्या मधला क्लब, सिक्स, एट, नाइन आयर्न, पिचिंग वेज, कमी बाउन्सचा एक सँड वेज आणि पटर. जुने घ्या. जुन्या आयर्नला काही होत नाही, फक्त ग्रिप बदला. शाफ्टकडं, म्हणजे क्लबच्या दांड्याकडं, मात्र नीट बघा. मी सुरुवातीला एका दुकानातून महागडा ड्रायव्हर घेतला होता, ४६० सीसीचं डोकं, म्हणजे नियमात बसतं तेवढं सगळ्यात मोठं, आणि शाफ्ट स्टिफ. विकणाऱ्याने माझा स्विंग बघितलाच नाही, चांगलं मॉडेल आहे म्हणाला आणि मी घेतला. तीन वर्षं माझा बॉल उजवीकडं जात राहिला. माझ्या वयाच्या, माझ्या वेगाच्या माणसाला रेग्युलर किंवा त्याच्याही खालचा शाफ्ट लागतो, तो वाकतो आणि बॉलला उचलायला मदत करतो. आता तसा आहे, लॉफ्ट १२ अंश, आणि बॉल बऱ्यापैकी मधोमध राहतो.

बॉलचं पण तेच, टीव्हीवरचे लोक मऊ युरेथेनचा बॉल वापरतात, ग्रीनवर तो थांबतो छान, पण मुरमावर दोन फटक्यांत त्याची साल निघते. माळासाठी साधा टू-पीस बॉल, कडक कव्हरचा, तो मार सहन करतो. हातमोजे दोन ठेवा, आपल्याकडं घामाने एक भिजतो, तो वाळला की पापडासारखा कडक होतो, म्हणून तीन-चार होलला बदलायचा आणि ओला बॅगेवर सावलीत पसरायचा. आणि क्लब उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका हो, माझ्या एका सेटच्या सगळ्या ग्रिप एका उन्हाळ्यात चकाकायला लागल्या, रबर कडक होऊन हातात सरकायला लागलं.

स्विंगबद्दल बोलताना मला वडील आठवतात. आमच्या घरी हातमाग होता, सोलापूरच्या पूर्व भागात बहुतेक घरांत होता तसा. लहानपणी मी त्या आवाजातच झोपायचो, आणि आवाज बदलला की जाग यायची. वडील म्हणायचे ठोका सारखा पाहिजे, कधी जोरात कधी हळू पडला की कापडात पट्टा दिसतो आणि गिऱ्हाईक बरोबर तिथंच बोट ठेवतं. ते वाक्य मला चाळीस वर्षांनी गोल्फमध्ये उपयोगी पडलं. हौशी माणसाचा स्विंग वर जाताना घाईचा असतो आणि खाली येताना त्याच्याहून घाईचा. मोठ्या खेळाडूंचं मोजून बघितलं तर क्लब वर न्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळ खाली यायला लागतो, माणूस वेगवान असो की संथ, हे प्रमाण फारसं हलत नाही. मी मनात एक-दोन-तीन म्हणत वर जातो आणि चारला मारतो. सेव्हन आयर्न असो की ड्रायव्हर, मोजणी तीच. जोर वाढवायची इच्छा झाली की पट्टा पडणार हे मी धरूनच चालतो.

स्टाइलवर लोक फार अडकतात. मोबाइलवर स्विंगचे व्हिडिओ बघायचे, आपलं शूटिंग काढायचं आणि आपलं कोपर त्यांच्यासारखं का दिसत नाही म्हणून रडायचं. जिम फ्युरिक नावाचा खेळाडू बघा. त्याचा क्लब वर जाताना बाहेरच्या बाजूने जातो, वर एक मोठी गिरकी घेतो आणि वेगळ्याच वाटेने खाली येतो, कुठल्याही कोचने पहिल्या दिवशी बदलायला लावला असता. त्या माणसाने २००३ ची यूएस ओपन जिंकली, आणि २०१६ मध्ये एका राउंडमध्ये ५८ मारले, पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल स्पर्धांच्या मालिकेत, त्याच्याएवढा कमी स्कोअर त्याच्या आधी कुणाचाच नव्हता. कारण बॉलला लागताना त्याचा क्लब दर वेळी तसाच येतो. बॉल कुठल्या दिशेनं निघणार हे मुख्यतः त्या क्षणी क्लबचं तोंड कुठं आहे त्यावर ठरतं, वर तुम्ही काय नक्षी काढली हे बॉलला कळत नाही. हात धरायची पद्धत पण तशीच, एका हाताचं बोट दुसऱ्यावर टेकवायची ओव्हरलॅप असो, बोटं एकमेकांत अडकवायची इंटरलॉक असो, दहा बोटांची असो, बोटं आखूड असतील तर इंटरलॉक सोयीचं पडतं, मी तेच करतो. फक्त घट्ट आवळू नका. कपड्यांचं म्हणाल तर कोर्सवर कॉलरचा टीशर्ट लागतो, तो सुती आणि फिक्या रंगाचा घ्या, आणि टोपी चारही बाजूंनी काठ असलेली, मान भाजते नाहीतर. ह्यापेक्षा जास्त मी कपड्यांवर बोलणार नाही.

हौशी आणि साध्या घरच्या लोकांचा हा खेळच नाही असं मला कुणी म्हणलं की मी तीन नावं सांगतो. इंडियन ओपन पहिल्यांदा भारतीयाने जिंकली ती १९६५ मध्ये, पी. जी. सेठी यांनी, आणि ते हौशी खेळाडू होते, प्रोफेशनल नव्हते. त्यानंतर भारतीय जिंकायला १९९१ उजाडलं, तेव्हा जिंकले अली शेर, जे दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होते, दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचे. आणि एस. एस. पी. चौरासिया, ज्यांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये माळीकाम करायचे, ग्रीन सांभाळायचे, त्यांनी ही स्पर्धा २०१६ आणि २०१७ लागोपाठ दोन वेळा घेतली. लांब मारण्यासाठी त्यांचं नाव नाही, ग्रीनच्या आसपासच्या हातासाठी आहे.

आता हवामान. ह्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण आपल्याकडं ते रोज नवीन काहीतरी शिकवतं. आधी उष्णता. हवा तापली की विरळ होते. जानेवारीत पहाटे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत समजा १५ अंश आहे आणि मेमध्ये दुपारी ४२, तर दाब तेवढाच धरला तरी हवेची घनता आठ-नऊ टक्क्यांनी कमी होते. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यानेही थोडी कमी. बॉलला अडवणारी हवाच कमी, शिवाय गार बॉल मंद उसळतो आणि कोमट बॉल जास्त, त्यामुळं माझ्या हिशोबाने हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा उन्हाळ्यात ड्रायव्हर पाच-दहा यार्ड जास्त जातो. पण हवेपेक्षा जमिनीचा फरक मोठा, मेमध्ये माळावर बॉल पडल्यावर कधीकधी तीस-चाळीस यार्ड नुसता पळतो.

दमट हवा जड असते आणि बॉल मागं ओढते असं सगळे म्हणतात, मी पण म्हणायचो. उलट आहे. पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२, म्हणजे हवेत बाष्प मिसळलं की जड रेणूंची जागा हलके घेतात आणि हवा किंचित हलकी होते. फरक अगदी थोडा असतो, खेळताना कळणार पण नाही. पावसाळ्यात बॉल कमी जातो तो ओल्या जमिनीमुळं, ओल्या बॉलमुळं आणि आपलं अंग जड झालेलं असतं त्यामुळं.

बॉलला हवेतून नेणारी खरी गोष्ट म्हणजे त्याच्या अंगावरचे खळगे. १९व्या शतकात गुळगुळीत गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेले, बॉल यायचे, आणि लोकांच्या लक्षात आलं की नव्यापेक्षा वापरून ओरखडे पडलेला बॉल लांब आणि सरळ जातो. मग मुद्दामच ओरखडे पाडायला लागले, त्यातून पुढं आजचे खळगे आले. खळग्यांमुळं बॉलला चिकटलेला हवेचा थर घुसळला जातो, तो मागपर्यंत बॉलला धरून राहतो, मागं पोकळी लहान राहते आणि ओढ कमी होते. आणि बॉल मागं फिरत असला की खळगे त्याला वर उचलतात. मला हे वाचल्यावर बॉलबद्दल आदरच वाटायला लागला.

आता वारा. आपल्याकडं आषाढात पाऊस कमी आणि वारा जास्त, ढग नुसते पश्चिमेकडून पळत जातात, चार थेंब टाकतात आणि वारा दिवसभर घोंघावतो. पूर्वी त्या दिवसांत मी घरी बसायचो, आता मुद्दाम जातो. समोरून वारा असला की माणूस जोरात मारतो, आणि जोरात मारलं की बॉल जास्त उलटा फिरतो, जास्त फिरला की वर चढतो आणि वर गेल्यावर वारा त्याला उभा करून खाली टाकतो. करायचं काय, तर एक-दोन क्लब मोठा घ्यायचा, सेव्हनच्या जागी फाइव्ह-सिक्स, थोडा खाली धरायचा, बॉल अर्ध्या पावलाने मागं ठेवायचा आणि पाऊण स्विंग, सावकाश. बॉल खालून जातो. पाठीमागून वारा असला तर मात्र फार खूश होऊ नका, समोरचा वारा जेवढं खातो तेवढं मागचा वारा देत नाही. आणि वारा कुठला आहे हे गवताची काडी उडवून कंबरेएवढंच कळतं, बॉल तर झाडाच्या वरून जाणार, म्हणून शेंडे बघायचे. आमच्या माळावरून लांब एका कारखान्याच्या गच्चीवर टॉवेल वाळत घातलेले दिसतात, मी ते बघून क्लब निवडतो, अगदी बरोबर सांगतात.

आणि हे मी हात जोडून सांगतो, वळवाच्या पावसात खेळू नका. दुपारी ढग काळे झाले, वारा फिरला, लांबून गडगडलं की तिथंच थांबा. विजेचा धोका वाटला तर खेळाडूला कुणाची परवानगी न घेता थांबता येतं, नियमच आहे. ली ट्रेव्हिनो, एवढा मोठा खेळाडू, १९७५ मध्ये शिकागोजवळच्या स्पर्धेत वीज पडून जखमी झाला, पाठीचं दुखणं त्याला त्यानंतर राहिलं. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये मी आणि माझा पुतण्या माळावर होतो, चार बॉल राहिलेत तेवढे मारू म्हणून मीच थांबलो, आणि समोरच्या बाभळीपलीकडं लख्खकन पडली. आवाज आणि उजेड एकाच वेळी. पोरगं माझा हात धरून थरथरत होतं. त्या दिवसापासून पहिला गडगडाट ऐकला की बॅग बंद, मग हातात शेवटचा बॉल असो की काही. झाडाखाली जायचं नाही, छत्री उघडायची नाही, गाडीत जाऊन बसायचं.

उन्हाचं सांगायची गरज नाही, तुम्ही सोलापूरचे आहात. सकाळी साडेपाच ते आठ, त्यानंतर नाही. पाणी तहान लागायच्या आधी, सोबत मीठ घातलेलं ताक. टॉवेल ओला करून मानेवर.

दुपारी मग मी घरात पटिंग करतो. जमिनीवर आपली चादर अंथरतो, सुरकुती राहू द्यायची नाही, आणि पलीकडं पितळी तांब्या आडवा ठेवतो. चादरीच्या काठाची रेघ सरळ असते, त्या रेघेवर बॉल ठेवून रेघेवरूनच न्यायचा, जरा वाकडा गेला की लगेच दिसतं. रोज शंभर. मंडळी, स्कोअरमधले जवळजवळ चाळीस टक्के फटके पटरचे असतात आणि त्याला ना ताकद लागते ना कोर्स. टोकियो ऑलिंपिक आठवा, ऑगस्ट २०२१. आपली अदिती अशोक, आई बॅग घेऊन शेजारी, तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुली ड्रायव्हरने तिच्या कितीतरी पुढं टाकत होत्या, आणि ही मागून येऊन पट घालत होती. शेवटच्या दिवशी वादळी हवेने खेळ मधेच थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि ती चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने गेलं. त्या सकाळी मी टीव्हीसमोर उभाच होतो, बसवलं नाही. तिचा शेवटचा पट भोकाजवळून गेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आजही सांगताना येतंय.

मगाशी मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, की मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची आणि खर्च किती. ताई, सुरुवातीला क्लब विकत घेऊच नका. माझ्याकडं मुलांच्या उंचीचे दोन जुने क्लब आणि एक पटर आहे, पुतण्याचे, त्याला आता पुरत नाहीत. मोठ्यांचा क्लब कापून मुलांना देऊ नका, जड पडतो, शाफ्ट कडक होतो आणि स्विंग बिघडतो. आधी पटर, मग ग्रीनजवळचे छोटे फटके, मग आयर्न, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. रविवारी सकाळी पावणेसहाला तिला माळावर घेऊन या, पत्ता मी खाली दारात उभा राहून सगळ्यांना सांगतो, ज्यांना यायचंय त्यांनी या. पायात बूट पाहिजेत, कुसळं लागतात. पाण्याची बाटली आणा, आणि घरातला एक टॉवेल आणा, जुना असला तरी चालेल.